कुटुंबातील सदस्याप्रमाणे

पाहुण्याला आपल्याकडे देवाचा दर्जा आहे, आणि तो काही तोंडदेखला नाही. देवाला आपण घरातल्या सगळ्यात स्वच्छ कोपऱ्यात बसवतो, दोन वेळा नैवेद्य दाखवतो, त्याच्यासमोर हात जोडून उभे राहतो आणि त्याला काय हवंय हे चुकूनही विचारत नाही. पाहुण्याशीही आपण अगदी असेच वागतो. (फरक एवढाच, की देवापुढचं ताट शेवटी आपल्याला खायला मिळतं.)

हे तत्त्व रंगनाथ शेवाळे यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. रंगनाथराव मूळचे देवळ्याचे, आता नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे, आणि एका सरकारी कार्यालयात अधीक्षक. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद सहपत्राशिवाय पुढे गेला नव्हता. त्यामुळे 'गोदा मैत्री परिवार' या संस्थेची बेचाळीस पानी 'यजमान कुटुंब मार्गदर्शिका' जेव्हा त्यांच्या हाती पडली, तेव्हा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे ते जगातले पहिले गृहस्थ ठरले. (लिहिणाऱ्यांनी वाचली नसावी. पान एकोणीस आणि पान एकतीस एकच होतं.)

योजना सोपी होती. शेवाळ्यांची मुलगी निकिता एक वर्षासाठी फिनलंडला शिकायला जाणार, आणि तिच्या बदल्यात तिकडची एक मुलगी नाशकात येऊन शेवाळ्यांकडे राहणार. यजमान म्हणून शेवाळे कमी पडले, तर निकिताची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार. ही पुढची मुलगी म्हणजे समोरच्या विंगमधल्या सिंधुबाई खैरनारांची नात हर्षाली. सिंधुबाईंचं शेवाळ्यांच्या घराकडे फार पूर्वीपासून लक्ष असे. आता त्याला एक दिशा मिळाली.

निकिताने आठवीपासून पलंगाशेजारच्या भिंतीवर फिनलंडचा नकाशा लावला होता. रंगनाथरावांनी स्वतः सटाण्याच्या पलीकडचं जग पाहायला नोकरी लागेपर्यंत वाट पाहिली होती. पोरीने ते सतराव्या वर्षी पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती मात्र खरी होती, आणि त्यात सहपत्र वगैरे काही नव्हतं.

मार्गदर्शिकेतला नियम सात असा होता: 'विद्यार्थ्यास पाहुणा न समजता कुटुंबातील सदस्याप्रमाणे वागवावे.' रंगनाथरावांनी त्याखाली तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.

"म्हणजे नेमकं कसं वागवायचं हो?" छायाताईंनी विचारलं.

"म्हणजे चांगलं," रंगनाथराव म्हणाले.

पहिली चूक इथे झाली, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही.

नियम अकरा म्हणत होता की विद्यार्थ्यास स्वतंत्र खोली द्यावी. शेवाळ्यांच्या घरात खोल्या दोन. एक नवरा-बायकोची. दुसरी, कोपऱ्यातली, आतच संडास-बाथरूम असलेली, निकिता आणि तिची आजी नवसाबाई यांची. निकिताची सोय आईजवळ होऊ शकत होती. प्रश्न आजीचा होता. रंगनाथरावांनी तो रीतसर टिपणी लिहून सोडवला. हॉलमध्ये पलंग टाकावा, तर सोफा हलवावा लागतो, आणि सोफा तर मुळात पाहुण्यांसाठीच घेतलेला. देवळ्याला धाकटा भाऊ केरू आहे, कांद्याची शेती आहे, घर मोठं आहे, हवा मोकळी आहे, आणि आईलाही तिकडे करमतं. (हे शेवटचं वाक्य आईने कधी उच्चारल्याची नोंद सापडत नाही.)

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, माय," रंगनाथराव म्हणाले. "त्यांचा अहवाल झाला की लगेच आणतो."

नवसाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्या नाशकात आल्या, पण बोली त्यांनी देवळ्याचीच ठेवली होती. "मन्हं काय शे भाऊ, मी जास," त्या म्हणाल्या, आणि पिशवीत दोन लुगडी भरू लागल्या. पिशवी भरून झाल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "आठच दिन ना?"

शुक्रवारी सकाळी त्यांना एसटीत बसवून रंगनाथराव घरी आले आणि त्यांनी अर्जातला 'कुटुंबातील एकूण सदस्य' हा रकाना तपासला. तिथे चार लिहिलं होतं. एक जावक, एक आवक, एकूण चार. खाडाखोड करायची गरज पडली नाही. तरीही दुपारभर त्यांना कसंतरीच होत राहिलं, आणि त्याचं कारण त्यांना वांग्याच्या भाजीत सापडलं.

घर तयार झालं. सोफ्यावरची चादर काढण्यात आली. सोफ्याचा मूळ रंग डाळिंबी आहे, हे निकिताला त्या दिवशी कळलं. शोकेसमधले सोन्याच्या कडेचे सहा कप चौदा वर्षांनी बाहेर आले. वास्तुशांतीला मिळालेले, बुडाला अजून दुकानाची चिठ्ठी असलेले. मग रंगीत तालीम झाली. निकिताला पाहुणी केलं. ती दारातून आत आली, छायाताईंनी तिला "दमलीस का गं?" असं विचारलं, सोन्याच्या कडेच्या कपातून चहा दिला, आणि रंगनाथराव जागेवरून उठून म्हणाले, "तुला खायला काय आवडतं?"

निकिता आठवू लागली. सतरा वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला गेला होता.

"बोल की लवकर," छायाताई म्हणाल्या, "पुरण शिजायचंय अजून." आणि अर्धा चहा बाकी असतानाच त्यांनी कप धुवायला नेला.

शनिवारी चार वाजता ती आली. नाव आइनो, वय सतरा, उंची पाच फूट अकरा इंच. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ता खणलेला असल्यामुळे गाडी कोपऱ्यावरच थांबली आणि आइनोला पाठीवर सामान घेऊन सगळ्या सोसायटीसमोरून चालत यावं लागलं. ही सोय मुद्दाम केली असती तरी इतकी चांगली झाली नसती. दारात औक्षणासाठी पाट मांडला होता. त्यावर पाहुणीने उभं राहायचं असं ठरलं होतं, पण मग छायाताईंचा हात तिच्या कपाळापर्यंत पोचेना. शेवटी पाटावर छायाताई उभ्या राहिल्या. आइनोला हाच रिवाज वाटला आणि तिने यजमानीणबाईंपुढे लवून नमस्कार केला.

मग शेजारी आले. कुणालाही बोलावलं नव्हतं. चौदाजण सहज आले. सिंधुबाई खैरनार वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, आणि त्यासाठी पैठणी नेसल्या होत्या. पहिल्या चाळीस मिनिटांत पाहुणीला एकतीस प्रश्न विचारले गेले. त्यांतले नऊ थंडीबद्दल, सात मटणाबद्दल, पाच आईवडील अजून एकत्र राहतात का याबद्दल, चार घरात कोण कोण असतं याबद्दल, तीन लग्नाबद्दल, आणि तीन आमच्या पुतण्याला तिकडे चिकटवता येईल का याबद्दल. आइनो इंग्रजीत बोलायची आणि निकिता त्याचं मराठी करायची. तिला फारसे श्रम पडले नाहीत. तिकडच्या देशात म्हणे गप्प बसणं सभ्यपणाचं समजतात. आपल्याकडे कुणी गप्प बसलं की त्याला बरं वाटत नसेल असं समजून लिंबू सरबत देतात. आइनोला तीन ग्लास मिळाले.

जेवणाचं टेबल चौघांचं होतं. त्यावर आइनोला एकटीला बसवलं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी. भोवती घरचे तीन आणि शेजारचे चौदा, असे सतराजण उभे राहून ती कशी जेवते हे पाहू लागले.

"तुम्ही नाही जेवणार?" तिने विचारलं.

"आम्ही मागून," छायाताई म्हणाल्या.

"घरातले सगळे एकत्र जेवत नाहीत?"

सिंधुबाईंनी साखरेची वाटी खाली ठेवली. नियम नऊ 'भोजन एकत्र घ्यावे' असा होता, हे त्यांना पाठ होतं. रंगनाथराव झटकन ताट घेऊन बसले. त्यांनी बायकोलाही बसवलं. पण सगळेच बसले तर वाढणार कोण, असा पेच पडला आणि छायाताई पुन्हा उठल्या. त्या एकूण अकरा सेकंद बसल्या. तेवढ्यात निकिताने फोटो काढला आणि तो अहवालाला जोडायचं ठरलं.

इथपर्यंत सगळं यथासांग झालं असं म्हणता येईल. मग आइनो सामान लावायला खोलीत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. तिच्या तळहातावर एक जुनी, झाकणाला पोचा पडलेली पत्र्याची डबी होती.

"ही उशीखाली होती," ती म्हणाली. "माझ्या खोलीत कुणीतरी राहतं, असं मला वाटतं."

"अगोबाई, ही तर नवसाबाईंची मशेरीची डबी!" सिंधुबाईंचा चेहरा उजळला. "हिच्याशिवाय त्यांची सकाळच होत नाही की!" आणि परदेशी मुलीची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांनी पुढचं इंग्रजीत सांगितलं. "ग्रँडमदर! दॅट रूम, ग्रँडमदर रूम!"

"आजी कुठे आहेत?" आइनोने रंगनाथरावांना विचारलं.

"गावी गेलीये. स्वखुशीने."

निकिताने 'स्वखुशीने' तेवढं गाळलं.

"कधी येणार?"

रंगनाथरावांना पाहुणीला निश्चिंत करायचं होतं. ते मनापासून म्हणाले, "तू मुळीच काळजी करू नकोस. तू आहेस तोवर ती येणार नाही."

निकिताने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि या वेळी शब्दन् शब्द भाषांतर केलं. चौदा शेजाऱ्यांपैकी एकानेही पुढचा प्रश्न विचारला नाही. आइनोने डबी रुमालात गुंडाळली आणि आपल्या खिशात ठेवली. तिला ती परत मागायचं कुणाला सुचलं नाही.

पहिल्या दिवसाचा अहवाल विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. त्यात प्रश्न एकच होता: 'आपणास कुटुंबातील सदस्याप्रमाणे वागवले जाते काय? होय किंवा नाही. कारण द्या.' आइनोने 'नाही'वर खूण केली. कारण असं दिलं: 'मला फार चांगलं वागवतात. कुटुंबातील सदस्यांना तसं वागवत नाहीत. एका सदस्याला माझ्यासाठी घराबाहेर पाठवलं आहे.'

संध्याकाळी नानांचा फोन आला. नाना म्हणजे परिवाराचे विभागीय मार्गदर्शक, वय सत्तर. नाशिकपासून जळगावपर्यंतच्या सगळ्या यजमान कुटुंबांचं भवितव्य त्यांच्या सहीत होतं. "शेवाळेसाहेब, नियम सात मोडला तुम्ही," ते म्हणाले. "मुलीची फाईल मी थांबवतोय. पुढच्या रविवारी स्वतः येतो, तीन दिवस तुमच्याकडेच राहतो आणि डोळ्यांनी बघतो. यादीत पुढचं नाव तयार आहे, हे मी मुद्दाम सांगत नाहीये."

निकिता रडली नाही. तिने भिंतीवरचा नकाशा काढला, त्याच्या घड्या घातल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. रंगनाथराव दारातून ते बघत होते. त्यांना भीती वाटली. बदलीच्या ऑर्डरलाही त्यांना अशी भीती वाटली नव्हती.

"अहो, सरळ आईंना घेऊन या ना," छायाताई म्हणाल्या.

"आणि ठेवायचं कुठे? नियम अकरा आहे. शिवाय आता आणलं, तर आधी पाठवलं होतं हे आपणच लेखी कबूल केल्यासारखं होतं."

छायाताईंना हे पटलं नाही, पण त्यातली चूकही सापडली नाही. सरकारी कामाची हीच तर खुबी असते.

तेव्हा आइनोलाच सदस्य करायचं ठरलं. सदस्याशी घरात नेमकं कसं वागतात हे कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे रंगनाथरावांनी सोमवारी रजा टाकली आणि दिवसभर निकिताचं निरीक्षण केलं. त्या दिवशी घरातून निकिताशी एकूण एक्केचाळीस वेळा बोललं गेलं. त्यांपैकी अडतीस हुकूम होते. दोन प्रश्न होते, 'अजून किती वेळ?' आणि 'हे काय घातलंयस?' उरलेल्या एका वेळी छायाताईंनी सवयीने आजींना हाक मारली होती. ती ऐकायला निकिताच होती.

या माहितीवरून कार्यक्रम आखला. सोन्याच्या कडेचे कप शोकेसमध्ये परत गेले आणि आइनोला कान तुटलेला मग मिळाला. जेवायला काय हवं, हे विचारणं बंद झालं. हर्षालीला दहावीला किती टक्के होते, हे तिला दोनदा ऐकवण्यात आलं. रागावण्याचं खातं रंगनाथरावांकडे होतं, पण परक्या मुलीवर खेकसायला त्यांची जीभ उचलेना. "प्लीज," ते बाथरूमच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "गीझर बंद करायला तुला काय होतं, प्लीज?" आइनो पहिल्यांदाच मोठ्याने हसली. गुरुवारी छायाताईंनी भाजी निवडताना मान वर न करता "ए, खालून दळण घेऊन ये," असं फर्मावलं, आणि ते आपण कुणाला म्हणालो हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत, हुकुमांपुरतं मराठी एव्हाना उमगू लागलेली आइनो डबा घेऊन जिना उतरलीसुद्धा होती. ती परत आली तेव्हा तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. छायाताईंनी ते पदराने पुसलं. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

आणि रविवारी नाना येणार होते. नानांचे गुडघे गेलेले, त्यांना कमोड लागतो, आणि कमोड फक्त कोपऱ्यातल्या खोलीत. सकाळी चौघंही टेबलाशी बसले होते. रंगनाथरावांच्या नजरेसमोर प्रकरण स्वच्छ उलगडत गेलं. पाहुणा आला की सदस्याने खोली सोडायची, ही या घराची रीत. नाना पाहुणे. आइनो सदस्य. आता आइनोला खोलीत तसंच ठेवलं, तर तिला पाहुणी समजल्यासारखं होतं आणि नियम सात दुसऱ्यांदा मोडतो. याहून काटेकोर पालन दुसरं असूच शकत नव्हतं. (आणि नियम अकरा? देवळ्याला केरूकडे खोल्यांना तोटा नव्हता.)

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," ते आइनोला म्हणाले. हे वाक्य आपण आधी कुठेतरी वापरलंय असं त्यांना वाटलं, पण कुठे ते आठवायचं त्यांनी टाळलं.

"कुठे जायचं?" तिने विचारलं.

"देवळ्याला."

तिने सहा मिनिटांत सामान भरलं. डबी खिशात आहे ना, हे दोनदा चाचपून पाहिलं. एसटी स्टँडवर, खिडकीपाशी जागा मिळाल्यावर, तिने नवा अहवाल भरून निकिताच्या हाती दिला. खूण 'होय'वर होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'घरी पाहुणे येणार म्हणून मला देवळ्याला पाठवत आहेत. आजींनाही असंच पाठवलं होतं.'

दुपारी नानांनी तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. ते कोपऱ्यातल्या खोलीत, नव्या पडद्याखाली, सोन्याच्या कडेच्या कपातून चहा घेत होते.

"शेवाळेसाहेब," ते म्हणाले, "पोरीला अगदी घरातलीच करून टाकलीत." आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

निकिताची जागा पक्की झाली. सिंधुबाई वाटीभर साखर परत करायला आल्या. या वेळी त्या साध्या साडीत होत्या. फिनलंडहून निकिताच्या यजमानांचं पत्रही आलं. आमच्याकडे खालची खोली आजीची आहे आणि ती तिचीच राहील, तू पोटमाळ्यावर झोपशील, भांडी घासायची पाळी सगळ्यांना असते, असं त्यांनी कळवलं होतं. "पाहुण्याला माळ्यावर?" छायाताईंनी कपाळाला हात लावला. "या लोकांना काही रीतभात म्हणून नसतेच का?" निकिताने ड्रॉवरमधून नकाशा काढला आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवला.

नाना तीन दिवसांसाठी आले होते, ते नऊ दिवस राहिले. ते गेले त्याच संध्याकाळी देवळ्याहून केरूच्या मोबाइलवरून फोन आला.

"पोर गुनी शे, भाऊ," नवसाबाई म्हणाल्या. "मन्ही डबी लई उनी." डबी घेऊन आलेली आइनो मागे कुणालातरी हसत होती आणि कोंबड्या ओरडत होत्या. मग नवसाबाईंनी विचारलं, "तुन्हा घरना पाव्हना गयात का?"

"हो. आजच गेले."

"मंग?"

रंगनाथराव उठून कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी आले. पलंगावर नवी चादर होती. पडद्याला अजून इस्त्रीची घडी होती. खोली इतकी छान दिसत होती की त्यांना आत पाय ठेववेना. पुढच्या महिन्यात परिवाराचे फिनलंडचे प्रतिनिधी येणार होते, आणि चांगली खोली म्हणून नानांनी शेवाळ्यांचंच नाव कळवलं होतं.

"बघतो," ते म्हणाले. "कळवतो तुला." सव्वीस वर्षं हेच उत्तर त्यांनी अनोळखी लोकांना दिलं होतं. आज ते आईला देऊन त्यांनी खोलीचं दार अलगद ओढून घेतलं.

शेवाळ्यांना हसायला काहीच हरकत नाही. फक्त हसून झालं की वाचकांनी उठावं, आपल्या शोकेसपाशी जावं आणि सोन्याच्या कडेचे कप मोजावेत. सहाच्या सहा भरतील. मग फोन घ्यावा आणि आपापल्या देवळ्याला लावावा. तिकडून पहिला प्रश्न काय येईल, हे तुम्हाला माहीतच आहे. उत्तर तेवढं आधी ठरवून ठेवा.